कंडक्टरबाईंच्या सहली

रिक्षा असो, जीप असो नाहीतर वऱ्हाडाचा टेम्पो, आमच्या गल्लीतून गाडी निघाली की कंडक्टरबाई पुढे व्हायच्या. बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, “हां, जाऊ द्या.” गाडी त्यांची नसायची, त्यांना कुठं जायचंही नसायचं. पण त्यांची टकटक झाल्याशिवाय गाडी हलली तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटायचं.

नोकरीची सवय घरीही न सुटणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. बाई त्यांतल्याच. एसटीत कंडक्टर होत्या, बहुतेक घनसावंगीच्या गाडीवर. जुन्या जालन्यात आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायच्या. नवरा लवकर गेला होता, मुलगी नागपूरला दिलेली. बाई ठेंगण्या होत्या आणि आवाज असा की पिठाची गिरणी चालू असली तरी त्यांचं बोलणं बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं.

त्या गिरणीतच सहलीचं पहिलं नाव निघालं. आम्ही पाच-सहा जणी डबे घेऊन नंबर लावून बसलो होतो. बाई अचानक म्हणाल्या, “गौताळ्याला गेल्ते का गं कुणी?”

कुणीच गेलेलं नव्हतं. गौताळा म्हणजे कन्नडच्या पुढचं अभयारण्य, एवढं मला ऐकून माहीत होतं.

“मी चाळीसगावच्या गाडीवर व्हते तवा रोज तिथून जायचे,” बाई म्हणाल्या. “रस्त्यावर बोर्ड हाय. वाचून वाचून पाठ झाला. आत काय हाय ते न्हाई माहीत. मला सगळे स्टँड माहीत हायत बगा, गावं न्हाई.” आणि लगेच हात झटकून म्हणाल्या, “चला जाऊ. सकाळी निघू, सांजच्याला घरी.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुक्काम नाही, पाहुण्यांकडे चहा नाही. सकाळी निघू, सांजच्याला घरी.

त्यांचं नियोजन कुठून सुरू व्हायचं सांगू? ठिकाणापासून नाही, बाथरूमपासून. वाटेत बायकांना उतरता येईल अशी स्वच्छ जागा कुठं आहे, कोणत्या पेट्रोल पंपावर दाराला कडी आहे, कोणत्या हॉटेलात पाणी असतं, हे त्या आधी पक्कं करायच्या. “जंगल कुटं पळून न्हाई चाललं,” म्हणायच्या. “आधी बायांची सोय.” आमच्यातल्या कितीतरी जणी प्रवासात सकाळपासून पाणी न पिता बसायच्या. बाईंनी भाड्यानं ठरवलेल्या जीपमध्ये मात्र प्रत्येकीच्या हातात बाटली असायची आणि ती रिकामी झाली का नाही, हेही बाई बघायच्या.

मग अभयारण्याच्या गेटवर फोन. “साहेब, बाया घेऊन येऊन राह्यले. गेट उघडं हाय ना? बिलकुल? मंग ठीक.” दशम्या, धपाटे, ठेचा कोण आणणार ते वाटून द्यायचं. गाणी लावायची नाहीत, हा एक नियम. आत गेल्यावर काही तोडायचं नाही, हा दुसरा.

एवढं सगळं जमलं, पण घरच्यांची परवानगी अडली. आमच्याकडे बायकांनी देवाला जायचं म्हटलं तर कुणी अडवत नाही. जंगल बघायला जायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. माझ्या सासूबाईंनी तर माझ्या शिलाई मशीनसमोर उभं राहून मला विचारलं, “तिथं कोणता देव हाय?”

मी बाईंकडे धावले. म्हटलं, “बाई, वाटेत एखादी देवी सांगून टाका ना. आमच्या घरी तेवढ्यावर भागेल.”

बाई अशा उखडल्या की विचारू नका. “तिकीट एका गावाचं अन् उतरायचं दुसऱ्या गावाला, आसं मी आजवर चालू दिलं न्हाई.” तशाच चपला घालून त्या आमच्या ओसरीवर आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, “मावशी, देव न्हाई तिथं. झाडं हायत, पाखरं हायत. ते बघायला चाललो. दुसरं काई काम न्हाई.”

“बायांनी जंगलात जाऊन करायचं काय?”

“तेच बघायचं हाय. तुमी बी चला.”

मला वाटलं, संपली आमची सहल. सासूबाईंनी कोपऱ्यातली काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, “येते. बघतेच काय हाय ते.”

त्या आल्या त्या तपासायला. जीपमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसल्या, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. गाडी जोरात चालली, वारं लागतं, धपाट्यात मीठ कमी आहे, सगळं सांगून झालं. बाई प्रत्येक वेळी “बराबर, मावशी” म्हणायच्या आणि त्यांच्या हातात पाण्याची बाटली द्यायच्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. आत झाडी अजून हिरवी होती, गवत कमरेएवढं. वाटेच्या कडेला पिकायला आलेली सीताफळं डोळे उघडून लोंबत होती. आम्ही वर माना करून पाखरं शोधत होतो, तेवढ्यात सासूबाईंचा पदर भरला.

“मावशी, ठेवा ते खाली,” बाई म्हणाल्या.

“का? सडून चाललेत. लहानपणी आमच्या डोंगरात आमी पाट्या भरून आणायचो.”

“तो तुमचा डोंगर व्हता. हे पाखरांचं हाय.”

सासूबाईंनी एक एक सीताफळ झाडाच्या बुडाशी ठेवलं. त्यानंतर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. आम्ही आतल्या एका तळ्याकाठी जेवलो, त्या जरा दूर पाठ करून जेवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय, याचाच विचार करत मी धपाटं गिळत होते.

ऊन कलल्यावर बाईंनी जीपजवळ सगळ्यांना बोलावलं. दोन बोटं हवेत नाचवत डोकी मोजली. परत मोजली. मग माझ्याकडे बघून विचारलं, “मावशी कुटंय?”

सासूबाई नव्हत्या.

मी जीपच्या मागं, झाडांखाली बघून आले. काठीच्या आधारानं चालणारी म्हातारी, आत बिबट्याही आहे असं गेटवरच्या माणसानं सकाळीच सांगितलेलं. बाईंनी ड्रायव्हरला गाडीजवळ थांबवलं आणि आम्हाला दोघी-दोघी करून वाटेवर पाठवलं. माझा हात त्यांनी स्वतः धरला. “मी न्हाई बोलायला पायजे व्हतं,” त्या चालता चालता पुटपुटल्या. “चार सीताफळांनी काय झालं असतं गं?”

तळ्याच्या वरच्या अंगाला एक ओढा होता. तिथं खडकावर सासूबाई दिसल्या. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पाय पाण्यात. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी मागं न बघताच हात वर केला.

“हळू. पाणी पिऊन राह्यलं ते.”

पलीकडच्या काठावर एक नीलगाय उभी होती. पायांच्या मधे तिचं पिल्लू. मान खाली घालायची, वर करायची, कान हलवायची, परत पाणी प्यायची. आम्ही होतो तिथंच उकिडव्या बसलो. मागून बाकीच्या जणी आल्या, त्याही एकेक करून बसल्या. मी बाईंकडे पाहिलं. आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज तोंडावर पदर धरून बसला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नीलगाय पिल्लाला घेऊन झाडीत गेली, तरी कुणी उठेना. शेवटी बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “इतकी वर्षं बोर्ड वाचत व्हते मी.”

सासूबाईंनी पाण्यातून पाय काढले, आधाराला बाईंचाच खांदा धरला आणि विचारलं, “पुढच्या खेपेला कुटं?”

त्या दिवशी सांजच्याला घरी काही आम्ही पोचलो नाही. चांगला अंधार झाला होता. माझा नवरा दारातच उभा. बायका निघाल्या म्हणजे देवालाच, असं त्यानं धरलेलं. “आई, किती उशीर! कोणत्या देवाला गेल्ता तुमी?”

“देव नव्हता,” सासूबाई काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाल्या. “नीलगाय व्हती. पिल्लू बी व्हतं.” आणि पाय धुवायला गेल्या. आमच्या गल्लीत परवानगीचा प्रश्न पुन्हा कधी निघाला नाही.

पुढं आम्ही खूप फिरलो. थंडीत जायकवाडीला पाहुणे पक्षी बघायला गेलो, तेव्हा बाई दुर्बीण उलटी धरून “लई लांब हायत गं” म्हणत राहिल्या. लोणारला विवरातून वर चढताना सगळ्यांना दम लागला, तर सासूबाई वरच्या कट्ट्यावर बसून खालच्यांना हाका मारत होत्या, “जल्दी या, चहा थंड व्हतोय!” बदनापूरहून रेल्वेनं कामाला येणाऱ्या दोन नर्सही आमच्यात सामील झाल्या. जीप लहान पडायला लागली.

मग बाई रिटायर झाल्या आणि मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. जाताना रडारड होऊ नये म्हणून असेल, त्यांनी आम्हाला पुढच्या सहलीतल्या बाथरूमच्या जागा समजावून सांगितल्या. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत, पण दारावरून जाताना मला ते घर फार शांत वाटतं.

परवा बाईंनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. नागपूरकडच्या कुठल्याशा अभयारण्याचं गेट, समोर अनोळखी बायकांची रांग, आणि मागं ठेंगण्या बाईंचं फक्त कपाळ. मी फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांना आता नीट दिसत नाही. मी बोटांनी मोठा करत एकेक चेहरा पुढं सरकवत गेले. एका टोकाला एक म्हातारी होती. तोंड वाकडं, कपाळाला आठ्या, कुणाशी बोलणं नको असल्यासारखी बाजूला उभी.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“हिला पहिल्यांदाच आणलेलं दिसून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “लाव फोन कंडक्टरबाईला. म्हणावं, हिला काई बोलू नका. जरा वेळ पाण्याजवळ एकटीला बसू द्या.”