नको म्हणणारं गिऱ्हाईक

माझी आत्या दिवाळीचा फराळ विकते. बबिन्याच्या छावणीतल्या फौजी कुटुंबांतल्या बायका मानिक चौकातल्या आमच्या घरी येतात आणि ती पिठाच्या हातांनी उठून प्रत्येकीशी बोलते. यंदा दसऱ्यालाच कंबर धरून म्हणाली, "ऑर्डरी घेणं माझ्यानं होत नाही. आता बंद करते." तिच्या चकलीशिवाय दिवाळी म्हणजे काय दिवाळी.

मी घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. म्हटलं, थांब, प्रोग्राम लिहून देते. दारापाशी जुना लॅपटॉप ठेवायचा. तो विचारेल, बायका उत्तरं टाइप करतील. लिहिला, आणि तो तपासायला टेस्ट लिहिली. चालवली तर गप्प. चहा करून आले तरी गप्पच. मग लक्षात आलं, ती मेली टेस्ट कुणीतरी टाइप करेल म्हणून वाट बघत बसली होती. मी कीबोर्डच्या जागी कोडमध्येच खोटं गिऱ्हाईक बसवलं, तयार उत्तरं देणारं. चकली किती? दोन किलो. चिवडा हवा? हो. टेस्ट पास. मी जाम खूश.

आत्या मागून वाचत होती. "ही कोण बाई? विचारल्याबरोबर हो म्हणते?"

"खोटी आहे गं."

"ते दिसतंच आहे. आधी नको म्हणायचं असतं, मग आपण आग्रह करायचा."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पहिली बाई आली. चिवड्याला रीतसर 'नको' टाइप केलं. प्रोग्रामनं धन्यवाद म्हणून ऑर्डर संपवली. ती बिचारी पडद्याकडे बघत राहिली आणि नुसत्या चकलीवरच परत गेली.

"उद्धट आहे तुझं यंत्र," आत्या म्हणाली. "राहू दे, नकोच फराळ."

मला असा राग आला, तोही स्वतःचाच. तशीच बसले. खोट्या गिऱ्हाइकाला शिकवलं: नको, नको, बरं. टेस्ट नापास झाली, व्हायलाच हवी होती; प्रोग्राम अजून पहिल्या 'नको'लाच ऑर्डर संपवत होता. मग प्रोग्रामला आग्रह शिकवला: "घ्या हो, थोडा तरी." पास.

संध्याकाळी दुसरी बाई आली. चिवडा? नको. पुन्हा नको. मग खुदकन हसली आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "बरं जी, अर्धा किलो." माझा आनंद पोटात मावेना.

आतून आत्याचा आवाज आला, "बसलीस काय तिथे? चकलीची भाजणी दळून आण. आणि जरा जास्तच आण."