लॉकरची दुसरी चावी

तुमच्या कामाच्या ठिकाणी तुमच्या कपाटाची दुसरी चावी कोणाकडे असते, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? मी विचारलं होतं. त्या एका प्रश्नासाठी चार-पाच महिने भांडले होते. तरीही ती चावी ज्या कागदाच्या जोरावर तयार झाली, तो कागद मीच स्वतःच्या हातांनी नेऊन दिला.

मी नगरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, जुने केसपेपर ठेवायच्या खोलीत काम करते. वडील राहुरीकडच्या साखर कारखान्यात होते आणि युनियनमध्येही होते. आमच्या घरात देवाच्या तसबिरींपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांचं, कणकेच्या डब्याखाली पत्रकं, आणि मला वाचता यायला लागलं ते ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांपासून. वडिलांची एक पद्धत होती: आधी सह्या, मग मजकूर. पाळी सुटली की माणूस कारखान्याच्या गेटवर दोन मिनिटं थांबतो, त्याला घरी जायची घाई असते. तेवढ्यात कोऱ्या कागदाच्या खालच्या अर्ध्यावर सह्या घ्यायच्या. वर काय लिहायचं ते नंतर बसून ठरायचं. लोक सह्या करत, कारण लिहिणारा कोण आहे ते त्यांना ठाऊक असे. मला ही पद्धत म्हणजे विश्वासाची कमाल वाटायची.

दवाखान्यात वॉर्डातल्या आयांना सगळेच मावशी म्हणतात. पंचविशीतली असो की पन्नाशीतली, मावशीच. या मावश्यांच्या पिशव्या जिन्याखाली टांगलेल्या असत. लाकडी फळीला ठोकलेले खिळे, एकेका खिळ्यावर दोन-तीन पिशव्या, खाली फरशी पुसायच्या बादल्या. घरून नेसून आलेली साडी, भाकरीचा डबा, मोबाईल, सगळं त्याच पिशवीत. डॉक्टरांना खोल्या होत्या, कार्यालयात टेबलांना खण होते. मावश्यांना खिळा होता. पेशंटच्या नातेवाइकांना तर तोही नव्हता. ते आपली बोचकी उशाशी घेऊन व्हरांड्यात झोपत आणि सकाळी कोणाची ना कोणाची चप्पल गेलेली असे.

मी पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, एका बाजूला मावश्या, दुसऱ्या बाजूला नातेवाईक. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. पण त्यांनी मला लॉकर निवडायच्या समितीत घातलं. समितीत ते स्वतः, स्टोअरचा एक माणूस, कधीही न आलेले एक डॉक्टर, मी आणि मोठ्या सिस्टर.

मोठ्या सिस्टरबद्दल सांगायला हवं. त्या सगळ्या वॉर्डांच्या प्रमुख. ख्रिस्ती कुटुंबातल्या, आजोबा आणि वडील दोघेही मिशनच्या शाळेत मास्तर. छापायच्या आधी माझं पत्रक वाचणाऱ्या त्या पहिल्या. एका ठिकाणी पेन्सिलने खूण करून त्यांनी ते परत दिलं होतं. म्हणाल्या, “इथे तू चिडून लिहिलंयस. शांतपणे लिही, जास्त लागेल.” तेव्हापासून मी त्यांना माझ्या बाजूचं माणूस समजत होते. दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन चहा घ्यायचे. मी त्यांना सांगितलं होतं की कार्यालयाकडे दुसरी चावी नको. प्रत्येकीने आपलं कुलूप घरून आणावं, आपली किल्ली आपल्या गळ्यात ठेवावी. त्या म्हणाल्या होत्या, “बरोबर आहे. बाईच्या पिशवीत हात घालायचा अधिकार कोणालाच नाही.” हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं.

नमुन्याचे तीन लॉकर आले आणि ओपीडीच्या व्हरांड्यात आठ दिवस उभे होते. एक उंच आणि अरुंद, एक जाळीच्या दाराचा, एक बुटका आणि रुंद. जत्रेतल्या पाळण्याभोवती जमते तशी गर्दी त्यांच्याभोवती जमायची.

“ह्यात नवरा मावंल का गं?” एका मावशीने उंच लॉकरचं दार उघडून विचारलं.

“उभा मावंल. पन गप ऱ्हानार न्हाई.”

“मंग काय उपेग? त्यापरीस सासू घाल.”

“सासूला जाळीचा घे बाई, हवा लागली पायजे.”

मी हातात टेप घेऊन बोचकी मोजत होते. खरंच मोजत होते. भंडारदऱ्याकडून एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. तिच्या बोचक्यात घोंगडी, पातेली, तांदूळ, स्टोव्ह असा अख्खा संसार. तिने तिन्ही लॉकर पाहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हे शेरातल्या बॅगांसाठी केल्यात व्हय? आमचं बोचकं गोल ऱ्हातं, ताई.” तिच्या त्या एका वाक्यावर मी समितीत तासभर बोलले. नातेवाइकांसाठी बुटका, रुंद लॉकर ठरला तो तिच्यामुळे. तोवर ती नवऱ्याला घेऊन परत गेलेली होती.

मावश्यांसाठी मी बंद दाराचा लॉकर मागितला. जाळीच्या दारातून ओली साडी वाळते हे खरं, पण जाळीतून आत काय आहे तेही दिसतं. यातला दुसरा मुद्दा माझा नव्हता. तो बाळंतिणींच्या वॉर्डातल्या एका मावशीचा होता.

तिचं वय असेल पस्तिशीचं. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला ताई म्हणायची. एकदा म्हणाली, “मी तुजी मावशी, तू माजी ताई. मंग आपली आई कोन गं?” आणि स्वतःच हसत सुटली. या मावशीने दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा दहावीला दोनदा नापास होऊन घरी बसला होता. “मी पास झाली तर घरात आग लागंल, आन् नापास झाली तर हसू,” ती म्हणायची. म्हणून पुस्तकं दवाखान्यातच ठेवायची, चादरी ठेवायच्या खोलीत, सगळ्यात खालच्या गठ्ठ्याच्या आड. चादरी बदलल्या की पुस्तकं हलवावी लागत. भूमितीचं पुस्तक एकदा धुण्यात गेलं आणि तिने ते वॉर्डाच्या मागच्या गच्चीवर पान-पान वेगळं करून वाळवलं. दहावी झाली की वॉर्ड असिस्टंटच्या कायम जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. अकरा वर्षं ती कंत्राटावर होती.

तिला लॉकर हवा होता तो डब्यासाठी नव्हे. ज्याच्या आत काय आहे ते कोणालाही कळणार नाही, अशी एक जागा तिला हवी होती. एवढंच.

शेवटच्या बैठकीआधी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मावश्यांच्या सह्या असल्या तर माझ्या शब्दाला वजन येईल.” मी वडिलांची पद्धत वापरली. ड्यूटी बदलायच्या वेळी जिन्याखाली उभी राहिले. कोरे फुलस्केप कागद, वर फक्त ‘विषय : लॉकर’. बेचाळीस सह्या झाल्या. भूमितीवाल्या मावशीने कागद उलटसुलट करून पाहिला.

“वर काय लिवनार?”

“आपल्याला काय हवंय तेच, मावशी. तुम्हाला माहितीच आहे.”

“तू लिवनार ना?”

“मीच.”

तिने सही केली. ती सही मला आजही दिसते. अक्षर नवीन शिकलेल्या माणसासारखं सावकाश, ओळीवर नीट बसवलेलं.

त्या संध्याकाळी मला ताप होता. मी कागद मोठ्या सिस्टरना दिले आणि म्हणाले, “मजकूर आपण ठरवलाय तोच टाइप करून घ्या.” त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “तू घरी जा. मी बघते.”

लॉकर आले. बंद दारांचे, राखाडी रंगाचे, सगळ्यांना एकसारखे. डॉक्टरांनीही लॉकर मागितले होते; त्यांना जे, तेच मावश्यांना. मी तीन दिवस हवेत होते. कुलूप लॉकरमध्येच बसवलेलं होतं, घरून आणायचं नव्हतं. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मोठ्या सिस्टर हसत होत्या आणि मावश्या दारांना हळदकुंकू लावत होत्या. एकीने आतल्या बाजूला लेकराचा फोटो चिकटवला. भूमितीवाल्या मावशीने चादरींच्या खोलीतून पुस्तकं आणून लॉकरच्या वरच्या फळीवर उभी लावली. उभी, शाळेत लावतात तशी.

तपासणी झाली ती ऐन परीक्षेच्या आठवड्यात, दुपारी दोनला, ड्यूटी बदलताना. मावश्यांवरचा सुपरवायझर कार्यालयातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि ओळीने दारं उघडत गेला. मावश्या एका बाजूला उभ्या. वॉर्डातून ड्रेसिंगचं सामान गायब होतंय, असं तो म्हणाला. एकाही लॉकरमध्ये ड्रेसिंगचं सामान सापडलं नाही. भूमितीवाल्या मावशीच्या लॉकरमध्ये कंपासपेटी सापडली, गाईड सापडलं, हॉलतिकीट सापडलं.

सुपरवायझरने हॉलतिकीट हातात घेऊन मोठ्याने वाचलं. “काय मावशी, डॉक्टर व्हायचंय का आता?”

कोणीतरी हसलं. हसणारी मावश्यांपैकीच एक होती. हे मला लिहायला नको वाटतं, पण हसली.

“ठेव ते,” भूमितीवाली मावशी म्हणाली.

“अगं, पेढे देशील का न्हाई? सांगतो घरी.”

सुपरवायझर तिच्याच गल्लीत राहतो. त्याने खरंच सांगितलं.

मी मोठ्या सिस्टरच्या खोलीत गेले. दार न वाजवता गेले. “दुसरी चावी कुठून आली?”

त्यांनी खणातून फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. माझेच कागद. वर टाइप केलेला मजकूर : आम्हाला लॉकर मिळावेत, त्यांची एक चावी कार्यालयात राहील व आवश्यक वाटेल तेव्हा कार्यालय लॉकर तपासू शकेल, यास आमची संमती आहे. खाली बेचाळीस सह्या.

“हे आपण ठरवलं नव्हतं.”

“ठरवलं नव्हतं. पण चावीशिवाय साहेब लॉकरच देत नव्हते. तू तापाने पडली होतीस. मला त्या दिवशी हो किंवा नाही सांगायचं होतं.”

“मग नाही सांगायचं.”

“म्हणजे अजून दोन वर्षं खिळ्याला पिशव्या? तुला पत्रक लिहायला मिळालं असतं. त्यांना काय मिळालं असतं?”

“बाईच्या पिशवीत हात घालायचा अधिकार कोणालाच नाही. तुम्ही म्हणाला होतात.”

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कागद कोरे कोणी दिले होते मला?”

मी फाईल चाळली. डॉक्टरांचा अर्जही त्यातच होता, शब्दाला शब्द तोच मजकूर. फक्त तो त्यांच्याकडे टाइप होऊन गेला होता. त्यांनी वाचला होता. चावीची ओळ खोडणारी निळ्या शाईची एक सरळ रेघ होती, बाजूला आद्याक्षरं, आणि मग सह्या. त्यांचे लॉकर कोणी उघडले नाहीत. उघडताच आले नसते, कारण त्यांची दुसरी चावी कार्यालयाने ठेवलीच नव्हती.

त्या निळ्या रेघेकडे पाहताना मला मोठ्या सिस्टरचा राग आला, तो आजही आहे. त्यांनी मला फसवलं. पण त्यांनी एकीला फसवलं, मी बेचाळीस जणींना. माझ्या वडिलांच्या गेटवर माणसं कोऱ्या कागदावर सही करत होती, कारण रात्री मजकूर ठरवताना तीच माणसं पुढे येऊन बसत होती. पद्धतीचा हा अर्धा भाग मी विसरले. मी सह्या घेतल्या आणि घरी जाऊन झोपले.

भूमितीवाली मावशी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा पहिला पेपर होऊन गेला होता. हॉलतिकीट नवऱ्याने फाडलं होतं. मी म्हणाले, “दुसरं काढता येतं. पुढचे पेपर आहेत अजून. मी शाळेत जाऊन येते.”

“नको, ताई. माज्यासाठी आता तू कायबी काढू नको.”

तिने लॉकर उघडला, डबा आणि साडी पिशवीत भरली. किल्ली दारालाच सोडली. जिन्याखालची फळी अजून काढलेली नव्हती. तिने आपल्या जुन्या खिळ्यावर पिशवी टांगली आणि बादली उचलून वॉर्डात गेली.

मी नवा अर्ज लिहिला. कार्यालयातल्या चाव्या परत द्या, एवढीच मागणी. या वेळी पूर्ण मजकूर आधी लिहिला, जिन्याखाली उभी राहून मोठ्याने वाचून दाखवला, मग एकेकीच्या हातात दिला. काही जणींनी सह्या केल्या, काहींनी नाही. भूमितीवाल्या मावशीने कागद घेतला, भिंतीला टेकली आणि ओळीखाली बोट धरून सगळा वाचला. एका जागी थांबली. “तपासनी दुपारी झाली, तू ‘सकाळी’ लिवलंय.” मी दुरुस्त केलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, कागद माझ्या हातात दिला.

“चांगलं लिवलंय,” ती म्हणाली. “पन मी सही न्हाई करनार.”

तो अर्ज तिच्या सहीशिवाय गेला. चाव्या अजून कार्यालयातच आहेत.

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या खणात, फाईलमध्ये, सोसायटीच्या, बचतगटाच्या, युनियनच्या दप्तरात कोणाची कोऱ्या कागदावरची सही पडलेली असेल. असतेच. ती आज शोधा. ज्याची आहे त्याच्या घरी जा आणि तो कागद त्याच्या हातात परत द्या.