शेवरीच्या सावलीतलं सोलर

सोलर पंपाची जागा मी दाखवली. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात कुणी मला ते तोंडावर बोलत नाही आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

अंजनगावकडे आमचा पानपिंपरीचा, म्हणजे औषधाला लागणाऱ्या पिंपळीचा, मळा. पिंपरीचे वेल शेवरीच्या झाडांवर चढवतात. शेवरी वर सावली धरते, वेल खाली गारव्यात राहतो. चपला बांधावर काढूनच आत जायचं, ही रीत. दुसरी रीत अशी की शेवरीचे शेंडे पावसाळ्यातच छाटायचे. उन्हाळ्यात तिला विळा लावायचा नाही.

सोलरवाला आला तो नेमका भादव्यात, छाटणी झाल्यावर. मळा लख्ख उघडा होता. ऊन कुठं चांगलं राहतं, त्यानं विचारलं. मी विहिरीजवळची जागा दाखवली. वर शहाणपणही शिकवलं की शेताच्या कडेला धुऱ्यावर लावाल तर चोर प्लेटा नेतील, इथं डोळ्यासमोर राहतील. सासूबाईंनी मान डोलावली. आमचा दोघींचा जन्म शेवरीत गेला, पण ही झाडं चैतापर्यंत पुन्हा आभाळ झाकतील हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. खांब सिमेंटात पक्के झाले. आता रात्रीच्या लाइनची वाट पाहायची गरज काय, म्हणून जुनं कनेक्शनही आम्हीच हौसेनं कापून घेतलं. डोंबलाची हौस!

हिवाळ्यात पाणी कमी लागतं, म्हणून काही कळलं नाही. चैत लागला आणि धार बारीक झाली. अकरापर्यंत उगवतीच्या झाडांची सावली प्लेटांवर, दोननंतर मावळतीच्या झाडांची. मधल्या तीन तासांत अर्धा मळाही भिजेना. बाहेर ऊन असं की कढईत हात घातल्यासारखं वाटावं, आणि आमचा पंप उन्हावाचून बंद.

माझा भाऊ अकोल्याला घराघरावर सोलर बसवतो. त्याला बोलावलं. त्यानं प्लेटांकडे पाहिलं, मग वर पाहिलं. एका प्लेटेवर सावली पडली तरी सगळ्याच बसतात, म्हणाला, जोडीतला एक बैल बसल्यावर दुसरा काय ओढणार. मी म्हटलं, बॅटरी लाव. बॅटरीत भरायला आधी वीज तर बनली पाहिजे, असं त्याचं उत्तर. सोलर सरकारी योजनेतलं, परस्पर हलवता येत नव्हतं; खांब हलवायचा अर्ज आम्ही कधीचाच टाकला होता. फोन करून करून थकलो, ‘पाहतो’ याच्यापुढे गाडी जात नव्हती.

शेवटी तो म्हणाला, “ताई, तुले ऊन पायजे का सावली? एक काय ते सांग. मावळतीच्या रांगेचे शेंडे कापले त पानी भेटीन.”

मावळतीच्या रांगेवरचे वेल म्हणजे आमचं बेणं. दरवर्षी नवी लागण त्याच वेलांच्या काड्यांनी व्हायची. सासरे गेले त्या वर्षी मळा बसला होता, तेव्हा सासूबाईंनी त्या एका रांगेवरून पुन्हा उभा केला. आता आजूबाजूच्या लोकांनी मळे मोडून संत्री लावली, हे बेणं मागायला जायचं तरी कुणाकडे? मी नाही म्हटलं. हट्टानं आठ दिवस नाही म्हटलं. रोज होतं तेवढं पाणी आधी बेण्याला दिलं. बाकीचे वेल पिवळे पडताना दिसत होते, तरी उद्या अर्जाचं काही होईल म्हणून बसून राहिले. किती मूर्ख असावं माणसानं!

नवव्या दिवशी सासूबाईंनी चपला बांधावर काढल्या, विळा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “काप.”

मी रडत रडत शेंडे उतरवले. दुपारी पंप सुरू झाला आणि पाच वाजेपर्यंत थांबला नाही. एवढं पाणी त्या मळ्यानं कधी पाहिलं नसेल. आम्ही दोघींनी सरीसरीतून ते फिरवलं. पण बाकीचे वेल मुळापर्यंत वाळले होते. आणि बेणं, ज्याच्यासाठी सगळ्यांना उपाशी ठेवलं, ते उघड्या उन्हात करपायला लागलं. सासूबाईंनी पेटीतली लुगडी आणून सावलीसाठी शेवरीच्या बुंध्यांना बांधली. वैशाखाच्या वाऱ्यानं ती फाटली. पानं खाली पाण्यात गळून पडत होती.

मृगाच्या तोंडावर, लागणीच्या दिवसांत, मी सवयीनं पंप सुरू केला. धार मनगटाएवढी जाड. सरी भरून वाहत होती आणि दोन्ही बाजूंनी, बेण्याच्या रांगेतही, नुसत्या वाळक्या काड्या उभ्या होत्या. सासूबाई बांधावर आल्या. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या नाहीत, तशाच आत आल्या.

“पानी त लय हाये,” त्या म्हणाल्या. “आता लावशीन काय?”

मी पंप बंद केला.