चार कोऱ्या चकत्या

"सुहास गेला," एवढंच फोनवर कळलं. मी तेव्हा रोह्याला घरी होतो. हृदय बंद पडलं म्हणे, झोपेतच. मी त्याचा मोठा आतेभाऊ, आकडे जुळल्याशिवाय गप्प न बसणारा. पण दोन महिने झाले, हे काही जुळत नाही...

सुहास पेणजवळच्या जोह्याच्या, गणपतीच्या मूर्तिकारांच्या घरातला. मुंबईच्या प्रयोगशाळेत तो लेसरने पातळ थर बसवायचा. दोन-तीन धातूंचे ऑक्साइड एकत्र भाजून केलेली गोल वडी निर्वात भांड्यात ठेवायची आणि तिच्यावर लेसरचे ठोके मारायचे. प्रत्येक ठोक्याला वडीतून एक उजळ पिसारा उठतो आणि समोरच्या तापलेल्या स्फटिकावर बसतो. सुट्टीत घरी येऊन तो हे सांगत होता, तेव्हा थराची जाडी किती, हा माझा पहिला प्रश्न. "दादा, केसाचे उभे हजार पापुद्रे काढ. त्यातला एक." मामा, म्हणजे त्याचे वडील, शेजारी गणपतीला रंग मारत होते. म्हणाले, "आमी पन फवारतो, तू पन फवारतोस. तुजा दिसत नाय, येवढाच फरक!" सर्वांत मोठ्याने हसला तो सुहासच.

त्याच्या टेबलावरचं सामान घरी आलं, त्यात एक वापरलेली वडी होती. लेसरने तिच्यावर गोल चर पडलेला. मामींनी ती फोटोपुढे ठेवली. मी सांगायला गेलो की ते उरलेलं आहे, केलेलं नव्हे. मामा म्हणाले, "आपल्याकडं तरी मूर्ती कुठं ऱ्हाते? साचेच ऱ्हातात." पण वडी म्हणजे साचा नव्हे, ती तर माती... मग माझंच मला कळेना.

मागच्या आठवड्यात जोह्याला गेलो, तेव्हा मामींनी त्याच्या सामानातली एक डबी पुढे केली. आत नखाएवढ्या चार पारदर्शक चौकोनी चकत्या, ज्यांच्यावर थर बसवतात ते स्फटिक. "तू हिशोबी मानूस. यातली त्याच्या हातची कुटची, सांग. नुसती काच मला नको." खिडकीशी नेऊन चारही फिरवून पाहिल्या. सगळ्या सारख्या. एकीवर बोट ठेवलं असतं, तर मामींनी तीच मानली असती.

"नुसतं बघून कळत नाही, मामी. प्रयोगशाळेत पाठवू, ते मोजून सांगतील."

मामींनी डबीचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. "आनि चारीच्या चारी कोऱ्या निगाल्या तर?"

  पाठवावं की नाही, हे रोज ठरवतो आणि रोज मोडतो.

डबी आता वडीशेजारी उघडीच असते. मामींच्या हाताला कायम फडकं, मूर्तींच्या कारखान्याची पांढरी धूळ त्या दिवसातून कितीदा पुसतात. फोटो पुसतात, वडी पुसतात. चकत्यांपाशी हात थांबतो. "पुसायचं नाय, म्हनायचा तो." त्यामुळे चौघींवर धूळ साठत चालली आहे. सुहासच्या थरापेक्षा ती कितीतरी जाड असणार, एवढं मात्र मी न मोजता सांगू शकतो.