दोन डॉलरचं तिकीट आणि पिशवीभर टिश्यू

मॅच सुरू व्हायला अर्धा तास असताना, आमच्या विद्यापीठाच्या स्टेडियममधल्या बाकांवरची टिश्यूची पाकिटं मी कचरा समजून उचलली. सगळी. मोठी काळी पिशवी भरली.

वयाच्या पन्नाशीत सिंगापूरला शिकायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. पीएचडीचा विषय होता कॉलेज फुटबॉलच्या घरच्या सामन्यांना लोक कशामुळे येतात आणि तिकीट किती असावं. फुटबॉलला मी आयुष्यात पाय लावला नव्हता, पण मत ठाम होतं. तोवर प्रवेश फुकट आणि स्टँड रिकामा. मी टीमच्या कॅप्टनला सांगितलं, फुकट आहे म्हणूनच कोणी येत नाही. पुण्यात नाटकाचा फुकट पास मिळालेला माणूस चार ढग दिसले की घरी बसतो, पैसे मोजलेला भिजत येतो. दोन डॉलर लाव.

कॅप्टन शेवटच्या वर्षाला होता. त्याला हे पटलं नव्हतं, पण पर्यायही नव्हता. या मॅचला स्टँड निम्मा भरला नाही तर पुढच्या वर्षीचे सामने मागच्या सरावाच्या मैदानावर, असं क्रीडा विभागाने बजावलं होतं. तिथे बसायला पायरीसुद्धा नाही.

तिकिटं खपली. निम्म्या स्टँडपेक्षा जास्तच. फक्त त्यांवर सीट नंबर छापायचं मला सुचलं नाही. मग लोक लवकर आले, छपराखालच्या बाकांवर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली आणि कँटीनमध्ये जेवायला गेले. याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात, आणि तसल्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे कळू नये म्हणजे कमाल आहे.

मी साफ केलेल्या जागांवर पाहुण्या टीमची बसभर मंडळी ऐसपैस बसली. आमचे लोक परतले, उन्हातल्या उरलेल्या बाकांकडे बघितलं आणि न भांडता पुन्हा कँटीनमध्ये गेले. तिथल्या काचेतून मैदान दिसतंच.

तेवढ्यात क्रीडा विभागाच्या बाई मोजायला आल्या. मी माघार घेणाऱ्यांतला नाही. विकलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे त्यांच्यापुढे धरून वाद घातला, की तिकीट विकलं म्हणजे प्रेक्षक आला. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी माणसं मोजते. मध्यंतरानंतर.”

कॅप्टन मैदानातून माझ्याकडे बघत होता. मी पिशवी उचलली आणि कँटीन गाठलं. प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं, पाकिटं मी उचलली, ही घ्या, आणि उन्हात का होईना, चला. कुणाचं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एक मुलगी हसली, तिने तीन पाकिटं घेतली आणि उठली. मग तिचं टेबल उठलं, मग शेजारचं.

बाईंनी दोनदा मोजलं. स्टँड निम्म्याहून जेमतेम जास्त भरला होता. मैदान राहिलं.

मॅच आम्ही हरलो, पण मी कॅप्टनला गाठून ऐकवलंच, की बघ, दोन डॉलर दिले होते म्हणून उन्हात येऊन बसले, फुकट असतं तर फिरकले असते का? माझं आजही हेच मत आहे आणि त्यात मी एक सेंट कमी करणार नाही.

त्याने बूट काढले, घाम पुसला आणि म्हणाला, “अंकल, पुढच्या मॅचला तुम्ही समोरच्या टीमला मदत करा.”