मला न कळलेला शब्द

त्या सकाळी मी भैरवनाथावर रुसले होते. नातू होऊन सात दिवस झाले होते आणि लेकरू सुकत चाललं होतं. आधी रडून घर डोक्यावर घ्यायचं, मग रडणंही मंदावलं. जन्मभर सोनारीत राहून, एकही रविवार न चुकवता देवळाची पायरी चढून हेच फळ का, या रागात मी देव्हाऱ्यापुढं दिवासुद्धा लावला नाही.

सून आळंदकडची, कानडी. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच केलं. मुलगा सोलापूरला कामाला. त्याला तिची भाषा येते, मला ओ की ठो कळत नाही. पण तसं कबूल करीन तर ती मी कसली! सून रोज छातीवर हात ठेवून म्हणायची, "अत्ती, हाल बरवल्दु." मला ऐकू यायचं, 'हाल बरं'. पोरगी मराठी शिकतेय, बरी आहे म्हणतेय, या कौतुकात मी डिंकाचा लाडू पुढं करायची. तिचे डोळे भरायचे. माहेर आठवत असेल, म्हणून मी सोडून द्यायची. मुलाचा फोन आला तरी 'सगळं बरं आहे' असं मीच सांगून टाकायची.

दृष्ट लागली असेल म्हणून बाळाला देवळात न्यायला निघाले, तोच दारात एक आशाताई. आमच्या गावची आजारी होती, तिच्या जागी आलेली ही. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

"मावशी, देव कुठं जात न्हाय. आधी बाळ बघू द्या," म्हणत ती आत आली. सुनेनं तिलाही तेच सांगितलं. ताई थबकली. तिचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं, उमरग्याकडचं निघालं; तिला कानडी येत होतं.

"मावशी, हाल म्हंजे दूध. दूध येत न्हाय म्हणतीय ही. कवापासनं?"

पोरगी सात दिवस घसा फोडून सांगत होती आणि मी शहाणी तिला लाडू चारत होते.

ताईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, कोरडा लंगोट चाचपला आणि अँब्युलन्स बोलावून परंड्याच्या दवाखान्यापर्यंत स्वतः आली. डॉक्टरांचं म्हणणं सुनेला कानडीत, सुनेचं डॉक्टरांना मराठीत सांगत राहिली. बाळाला सलाईन लागलं. मग ताईनं सुनेजवळ बसून बाळाला अंगावर कसं पाजायचं ते दाखवलं, स्वतः दमली तरी पुन्हा पुन्हा दाखवलं. दुपार टळल्यावर लेकरानं लंगोट ओला केला, तेव्हा मी भर वॉर्डात हात जोडले. देवाला की ताईला, ते मलाच ठाऊक नाही.

ताई निघाली तेव्हा सून माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. सवयीनं माझी मान हलणार होती, ती मी आवरली आणि ताईला विचारलं, "काय म्हणतीय ती?"

"तुमच्या पोटात सकाळपासनं काय न्हाय म्हणतीय. आधी जेवा."

मला रडू आवरेना. भैरवनाथापुढं आजवर हजारदा डोकं टेकलं, पण आपल्याला सगळं कळतं हा तोरा काही खाली ठेवला नव्हता. 'मला कळलं नाही, पुन्हा सांग,' एवढं म्हणता येणं हीसुद्धा शरणागतीच. ती शिकवायला त्यानं एक अनोळखी बाई माझ्या दारात धाडली.

"जेवणाला कानडीत काय म्हणतात?" मी विचारलं.

"ऊटा," सूनच म्हणाली.

"ऊटा," मी म्हटलं, आणि तिच्याशेजारी जेवायला बसले.