कॅप्टननी घड्याळाला चावी दिली

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, आमच्या शेजारच्या बरॅकीत वृंदा रोकडे राहायची. लहानमोठे सगळे तिला वृंदाताईच म्हणायचे. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. आई कौसाबाई घरी बसून एका सिंधी व्यापाऱ्यासाठी पापड लाटायची.

वृंदाताईला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही गोष्ट कशी होते ते बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दहावी झाल्यावर ती बाजारातल्या लछमनदासच्या फोटो स्टुडिओत लागली, तीसुद्धा कोऱ्या कागदावर माणसाचा चेहरा कसा उमटतो ते बघायला. तिथून पुढे मुंबईच्या एका कंपनीत गेली. ही कंपनी छोट्या विमानातून जमिनीचे फोटो काढायची. नवे रस्ते, नव्या वसाहती आखणाऱ्यांना ते लागायचे. वृंदाताईचं काम फिल्म धुण्याचं. पण ओल्या फिल्मवर नद्या आणि शेतं बघताना तिला सारखं वाटायचं, की हे जिथून दिसतं तिथून आपण एकदा बघायला हवं.

तिनं साहेबांच्या मागे लकडा लावला. अखेर कॅमेरा चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याची जागा तिला मिळाली. विमान चार सीटांचं, एकाच इंजिनाचं. मागच्या दोन सीटा काढून तळाला भोक पाडून त्यात कॅमेरा बसवलेला. वृंदाताई त्याच्या शेजारी पट्टा बांधून बसायची.

एकोणीसशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ती आणि पायलट उल्हास नदीच्या वर फोटो घेत होते. विमान चालवत होते कॅप्टन कर्णिक, साठीच्या उंबरठ्यावरचे, कमी बोलणारे. बदलापूर मागे पडत होतं, तेवढ्यात समोरच्या काचेवर तपकिरी थेंब आले. थेंबांचे ओघळ झाले आणि बघता बघता अख्खी काच तपकिरी झाली. इंजिनातलं ऑइल बाहेर उडत होतं. निघताना कुणीतरी झाकण नीट आवळलं नव्हतं, हे नंतर कळलं.

वृंदाताईनं कॅप्टनकडे पाहिलं. डावा हात कंट्रोलवर तसाच होता, आणि उजव्या हातानं ते डाव्या मनगटावरच्या घड्याळाला चावी देत होते. सावकाश, दोन-तीन वेढे. मग त्यांनी इंजिनाचा जोर कमी केला, विमान स्थिर केलं आणि मान न वळवता म्हणाले, "वृंदा, तू इकडचीच ना?"

"हो सर. उल्हासनगरची."

"ऑइल चाललंय. इंजिन फार वेळ साथ देणार नाही, त्याच्या आत आपण उतरायचं. मला समोरचं दिसत नाही. तू बाजूच्या खिडकीतून बघ आणि सांगत राहा. काय वाटतंय ते नको, काय दिसतंय तेच सांग."

तिनं खिडकीला नाक लावलं. "नदी. रेल्वेचे रूळ. बदलापूर गावाची कौलं."

"सपाट माळ?"

"आहे, सर. गावाच्या पलीकडे, उजव्या हाताला. एका कडेला गुरं आहेत."

"विजेच्या तारा?"

"रस्त्याच्या बाजूनं गेल्यात. माळावर नाहीत."

"कुठं धूर दिसतो का?"

हा प्रश्न तिला समजला नाही, पण धूर होता. भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करायला शेतकरी पाला-गोवऱ्यांचा राब भाजत होते. "आहे, सर. राब पेटवलेत. धूर डोंगराकडे चाललाय."

"छान. मग आपण डोंगराच्या बाजूनं येऊ, वाऱ्याकडे तोंड करून."

मग त्यांनी रेडिओवर मुंबईला आपण कुठे उतरतोय ते कळवलं. एवढ्यात इंजिन खडखडायला लागलं. कॅप्टननी ते स्वतःच बंद केलं. इतका वेळ कान भरून टाकणारा आवाज थांबला आणि फक्त वाऱ्याची शीळ उरली. वृंदाताईला वाटलं, आता दगडासारखे खाली जाणार. पण विमान तसंच पुढे सरकत राहिलं, घारीसारखं. नवलाच्या भरात क्षणभर ती घाबरायचीच विसरली, असं ती सांगते.

"दाराची कडी काढून ठेव," कॅप्टन म्हणाले, "उतरताना दार अडकायला नको. आणि डोकं खाली घाल."

विमान जरा तिरकं करून ते बाजूच्या खिडकीतून बघत होते. शेवटी त्यांनी ते सरळ केलं. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. पुढचं चाक एका खळग्यात गेलं, इंजिनाचा पंखा जमिनीला घासून वाकला आणि विमान करवंदीच्या जाळीपाशी थांबलं.

वृंदाताई खाली उतरली. कॅप्टन मात्र बसूनच होते.

"सर, लागलं का?"

"नाही. जरा थांब. पाय ऐकत नाहीयेत."

ती दार धरून तिथंच उभी राहिली.

एव्हाना गाव धावत आलं होतं. माळाला लागून शेत असलेले रामभाऊ पुढे झाले, त्यांनी कॅप्टनना हात देऊन उतरवलं. त्यांची बायको द्रौपदी तांब्या घेऊन आली. "पानी पी आदी, मंग बोल," ती वृंदाताईला म्हणाली, आणि पाणी पिऊन होतंय तोच तिनं विचारलं, "बाय, वरशी आमी दिसत व्हतो का गं?"

"तुमचा धूर दिसला, मावशी. त्याच्यामुळेच उतरलो."

द्रौपदीनं हे लगेच मागच्या बायकांना सांगितलं.

कंपनीची जीप येईपर्यंत दोघं रामभाऊंच्या ओट्यावर बसली. वृंदाताईच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. "सर, तुम्ही घड्याळाला चावी का दिलीत?"

कॅप्टन हसले. "काही बिघडलं की हात आपोआप कुठंतरी झडप घालतात. माझ्या एका मित्रानं गडबडीत चालू असलेली पेट्रोलची टाकीच बंद केली होती. मला शिकवणारे म्हणायचे, आधी घड्याळाला चावी दे. तेवढ्यात विमान पडत नाही, आणि काय करायचं ते आठवतं."

"पण तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर हळू बोलत होतो. हळू बोललं की श्वासही हळू होतो. आणि रोज सकाळी खुर्चीत बसून, डोळे मिटून मी सगळी बटणं हातानं शोधतो. बायको हसते."

त्यानंतर वृंदाताईनंही तेच सुरू केलं. ती घरातल्या स्टुलावर बसून डोळे मिटायची आणि हवेत हात घालून दाराची कडी, पट्ट्याचा खटका, आग विझवायचं नळकांडं शोधायची. कौसाबाई पापड लाटता लाटता बघायची. एकदा माझ्या आईला म्हणाली, "पोरीला वरचं वारं लागलंय." पण नोकरी सोड असं ती कधी म्हणाली नाही.

पुढे चौऱ्याण्णव साली एका नव्या पायलटबरोबर असताना, विमान जमिनीवरून उठतंय न उठतंय तोच पुढचं दार फटकन उघडलं. आत वारा घुसला, कागद उडाले. पायलटचा हात दाराकडे गेला.

"दार राहू द्या, सर," वृंदाताई हळू आवाजात म्हणाली. "आधी विमान."

त्यानं हात मागे घेतला, विमान सांभाळून एक फेरी मारली आणि नीट खाली आणलं. दार तसंच फडफडत होतं.

"त्यानं तुझं ऐकलं म्हणून वाचलात?" मी विचारलं होतं.

"काय माहीत," ती म्हणाली. "वाऱ्याचा आवाज एवढा होता, की माझं बोलणं त्याला ऐकू तरी गेलं का, कोण जाणे. कदाचित त्याला माहीतच असेल. मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दाराचा खटका बदलून दोघं पुन्हा त्याच विमानातून फोटो काढायला गेली. त्या दिवशी खाली धुकं होतं, आणि ती फिल्म काही कामाची निघाली नाही.